लेणी पाहिली, पण वाट पाहिली का? नाणेघाट ते जुन्नर: प्राचीन पाऊलवाटा समजून घेताना

सुट्टीच्या दिवशी गाडी करून लेणी पाहायला जाणाऱ्या तरुणांचे गट आता महाराष्ट्रात जागोजागी दिसतात. धम्मलिपी शिकून शिलालेख स्वतः वाचणारी मुले-मुली वाढत आहेत. ही आपल्या चळवळीची मोठी कमाई आहे. पण या भेटींत एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. आपण वाहनतळावर उतरतो, पायऱ्या चढतो, वंदना घेतो, फोटो काढतो आणि परत फिरतो. ही लेणी ज्या वाटेवर कोरली गेली ती वाट आपण चालत नाही. बऱ्याचदा ती कुठून कुठे जाते, हेही आपल्याला ठाऊक नसते.

याने काय बिघडते, असे कोणी विचारेल. आमच्या मते बरेच बिघडते. लेणे हे वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण होते. वाट विसरली गेली की लेणे एकटे पडते. मग "एवढ्या रानात हे कोणी आणि कशासाठी कोरले?" हा प्रश्न उरतो आणि त्याच्या उत्तरात पांडवांनी एका रात्रीत कोरल्याच्या गोष्टी येऊन बसतात. पण वाट समजली की प्रश्नच बदलतो. तेव्हा दिसते की ही जागा रानातली नव्हती, ती वाहत्या रस्त्यावरची होती. तिथे माणसे येत होती, थांबत होती, पाणी पीत होती, दान देत होती आणि धम्म ऐकत होती. म्हणून या लेखात आम्ही लेण्यांइतकेच त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांबद्दल लिहीत आहोत.

नदी, खिंड आणि घाट: वाट कशी ठरते

सह्याद्रीचा उतार दोन्ही बाजूंना सारखा नाही. पश्चिमेकडे, म्हणजे कोकणाच्या बाजूला, तो एकदम तुटतो. उभे कडे, खोल दऱ्या. पूर्वेकडे मात्र तो हळूहळू उतरत जातो. कुकडी, इंद्रायणी, पवना, गोदावरी या नद्या डोंगरमाथ्याजवळ उगम पावतात आणि रुंद खोऱ्यांतून पूर्वेकडे वाहतात. माल लादलेल्या बैलांच्या तांड्याला काय लागते? सौम्य चढ, रोजचे पाणी आणि चारा. नदीचे खोरे या तिन्ही गोष्टी देते. त्यामुळे घाटावरचे जुने रस्ते नद्यांच्या कडेने गेले.

अडचण होती ती फक्त कड्याची. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल वर न्यायचा तर जिथे डोंगराच्या भिंतीला खाच आहे, तिथूनच न्यावा लागे. या खाचा म्हणजे आपले घाट. थळ घाटातून नाशिककडे, नाणेघाटातून जुन्नरकडे, बोर घाटातून कार्ले-भाजे परिसराकडे. दक्षिणेला सावित्रीच्या खाडीने महाडपर्यंत येऊन पुढे घाट चढता येत असे. आता नकाशा काढा आणि लेण्यांच्या जागा त्यावर मांडा. थळ घाटाच्या माथ्यापलीकडे नाशिकची त्रिरश्मी लेणी. नाणेघाटापलीकडे जुन्नरची लेणी. बोर घाटाच्या पायथ्याकडे उल्हास खोऱ्यात कोंडाणे. माथ्यावर इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ले आणि भाजे, पवनेच्या खोऱ्यात बेडसे. महाडला गांधारपाले. हा योगायोग नाही. बंदर, घाट, खोरे आणि लेणी अशी ती एक साखळी आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ही गोष्ट पायाने तपासली. गणिताचा हा प्राध्यापक पुण्यात राहून आजूबाजूच्या डोंगरांत चालत असे. धनगरांच्या वाटा, गावोगावच्या देवींची ठाणी आणि बौद्ध लेणी यांचा परस्परसंबंध तो प्रत्यक्ष पाहून मांडत असे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या त्यांच्या पुस्तकात याच भटकंतीतून आलेले लेखन आहे. माणसे आणि जनावरे ज्या वाटांनी आधीपासून फिरत होती, त्याच वाटांवर पुढे व्यापार आला आणि व्यापाराच्या वाटेवर विहार उभे राहिले, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. समाजशास्त्राच्या वर्गात आपण 'फील्डवर्क' हा शब्द शिकतो. त्याचा खरा अर्थ कोसंबींच्या पायांना माहीत होता.

जुन्या ग्रंथांत दिसणारे रस्ते

महाराष्ट्रातून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याचे एक फार जुने वर्णन आपल्याच साहित्यात आहे. सुत्तनिपातातील पारायनवग्गात बावरीची कथा येते. बावरी हा गोदावरीच्या तीरावर, अस्सक प्रदेशात राहणारा ब्राह्मण आचार्य. त्याने आपले १६ शिष्य बुद्धांना प्रश्न विचारण्यासाठी पाठवले. ते कोणत्या गावांवरून गेले त्याची यादीच तिथे आहे: पतिट्ठान म्हणजे आपले पैठण, मग माहिस्सती, उज्जेनी, विदिसा, कोसंबी, साकेत, सावत्थी, कपिलवत्थु, कुसिनारा, वेसाली आणि शेवटी राजगृह. गोदावरीपासून मगधापर्यंत प्रश्न घेऊन पायी निघालेली ही सोळा माणसे. दक्षिणापथाचा इतका सलग आराखडा देणारे उल्लेख फार थोडे आहेत.

दुसरा उल्लेख परक्या माणसाचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत भरुचपासून पैठण २० दिवसांच्या अंतरावर आणि तिथून पूर्वेला तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, १० दिवसांच्या अंतरावर असल्याचे सांगितले आहे. कल्याण बंदराचेही नाव त्यात आहे. अंतर मोजायचे माप काय, तर दिवस. म्हणजे माणूस आणि बैल किती चालतील, हेच माप.

तिसरा पुरावा दगडावरचा आहे. मुंबईच्या उत्तरेला नालासोपाऱ्याजवळचे प्राचीन सोपारा हे मोठे बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या स्तूपाचे उत्खनन केले. त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या आठव्या लेखाचा विषय पाहा. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी विहारयात्रा करीत; अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असे तो सांगतो. धम्मयात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटून दान द्यायचे, ग्रामीण भागातील लोकांना भेटायचे, त्यांच्याशी धम्माची चर्चा करायची. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात रस्त्यांच्या कडेला माणसांसाठी आणि पशूंसाठी विहिरी खोदल्याचा, झाडे लावल्याचा उल्लेख आहे. शिकारीची सहल आणि धम्मयात्रा यांतला फरक बावीसशे वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे मांडला गेला होता. आपली लेणीभेट यांपैकी कोणत्या बाजूची, हे आपले आपण तपासावे.

कल्याण ते जुन्नर: एक वाट समजून घेऊ

आता एकच वाट नीट पाहू. कल्याण, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे, नाणेघाट, घाटघर, जुन्नर. सगळे अंतर साधारण १०० किलोमीटर. रोज १५ ते २० किलोमीटर चालले तर पाच-सहा दिवसांचा रस्ता.

कल्याण ते वैशाखरे हा भाग आज हमरस्त्याने व्यापला आहे. खरी जुनी वाट वैशाखऱ्यापलीकडे सुरू होते. जंगलातून चढत ती कड्यातल्या अरुंद खिंडीत शिरते. दगडांची रचना, काही ठिकाणी कातळात कोरलेल्या पायऱ्या, वाटेवर पाण्याची टाकी. हा घाट कोणीतरी विचार करून, खर्च करून बांधला हे पावलोपावली कळते. खिंडीच्या तोंडाशी कोरीव गुहा आहे आणि माथ्यावर मोठा दगडी रांजण. घाटातून जाणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकली जात असे, अशी परंपरेने चालत आलेली माहिती आहे.

नाणेघाटाच्या गुहेतील धम्मलिपीतला लेख सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाने ओळखला जातो. त्यात काय आहे हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. तो लेख बौद्ध दानाचा नाही. त्यात वैदिक यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांची यादी आहे. त्या यादीतील अंकचिन्हे भारतातील अतिशय जुन्या नमुन्यांत मोजली जातात. गुहेत राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांची नावे आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. समाजमाध्यमांवर कधी कधी नाणेघाटाचे सरसकट 'बौद्ध लेणे' म्हणून वर्णन होते. ते टाळावे. आपल्याकडे खऱ्या पुराव्यांचा डोंगर असताना कच्चा दावा करायची गरज नाही. एक चुकीचा दावा उघडा पडला की दहा बरोबर दाव्यांवर संशय घेतला जातो.

शिवाय खरी गोष्ट जास्त बोलकी आहे. राजघराणे यज्ञ करीत होते, आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की जुन्नरला भिक्खू संघाची वसती होती. तिथे लेणी कोरायला पैसा मुख्यतः सामान्य उपासक-उपासिकांचा, व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा होता. म्हणजे राजाश्रय नसतानाही धम्म लोकांच्या बळावर उभा होता.

नाणेघाटाच्या माथ्यावरून जीवधन किल्ला डावीकडे-उजवीकडे मान वळवायला लावतो. पुढे घाटघर. याच परिसरात कुकडी नदीचा उगम. पूर गावात कुकडेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे, शेजारी चावंड किल्ला. इथून वाट नदीच्या खोऱ्याने उतरत जुन्नरकडे जाते. मधला काही भाग आज माणिकडोह धरणाच्या जलाशयाने व्यापला आहे, त्यामुळे कडेकडेने जावे लागते. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे सगळे किल्ले याच वाटेवर नजर ठेवायला बसवलेले पहारेकरी वाटतात. राज्ये बदलली, पहारेकरी बदलले, वाट तीच राहिली.

दानलेखांतून भेटणारे वाटसरू

जुन्नरभोवती तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी या डोंगरांत मिळून २०० हून अधिक खोदकामे आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात दुसरीकडे क्वचितच सापडतील. तुळजा लेण्यात बारा खांबांचा गोलाकार चैत्य आहे. लेण्याद्रीचे एक मोठे विहार-दालन आज गिरिजात्मज गणपतीचे मंदिर म्हणून अष्टविनायकांत गणले जाते. त्याच्याच शेजारी चैत्यगृह आहे.

हे चैत्यगृह कोणी दिले? शिलालेख सांगतो की कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने. कल्याणचा! ज्या बंदरातून आपण चालायला सुरुवात केली, त्याच गावचा माणूस नाणेघाट चढून आला आणि त्याने इथे चैत्य कोरवून घेतला. वाट चालून आलेल्याला हे नाव वाचताना जे कळते, ते गाडीतून उतरलेल्याला कळायला वेळ लागतो.

जुन्नरच्या लेखांत यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा पश्चिमेकडून आलेले दातेही आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी' दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दिल्याचा लेख मानमोडीला आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम गुंतवल्याचेही लेख आहेत. या सगळ्याला शब्द एकच: 'देयधम', धम्मासाठी दिलेले.

आता साखळी आणखी लांब करू. पवना खोऱ्यातील बेडशाच्या चैत्याजवळ नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याच्या दानाचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, आणि धेनुकाकट गावच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, सुताराचे आणि यवनांचेही. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात खांबावर पैठणच्या गंधिक कुळातील मितदेवाचे नाव आहे. दानलेख म्हणजे एका अर्थी वाटसरूंची हजेरीवही. कोण कुठून आला, काय काम करीत होता, हे त्यात लिहून ठेवले आहे.

आणि हे पाहा: दाते मोठ्या संख्येने काय देत होते? पाण्याची टाकी. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर नावेने विनामूल्य उतार करून दिल्याचे, दोन्ही काठांवर वाटसरूंसाठी निवारे आणि पाणपोया घातल्याचे त्यात नोंदवले आहे. भरुच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे विश्रांतिगृहे बांधल्याचेही त्यात आहे. उषवदात ब्राह्मणांनाही दान देत होता आणि भिक्खू संघालाही. पण नदी ओलांडणाऱ्याला त्याची नाव कोणासाठी आहे, हे विचारावे लागत नव्हते. रस्ता, उतार, पाणी आणि निवारा ही त्या काळची सार्वजनिक सोय होती.

भिक्खूंचे जगणेही चालण्याशी बांधलेले होते. बुद्धांनी भिक्खूंना लोकांच्या हितासाठी चारिका करायला सांगितले. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास, उरलेले महिने चालणे. पावसात सह्याद्रीच्या वाटा बंद होतात, ओढे फुगतात. तेव्हा कातळातले कोरडे लेणे आणि जवळचे गाव, एवढे पुरेसे असे. पाऊस सरला की व्यापारी निघत आणि भिक्खूही निघत. दोघांना एकमेकांची सोबत होती. तांड्याला विहारात आसरा आणि संघाला तांड्याचे दान.

पाणी कोणाचे, रस्ता कोणाचा

वाटेवरचे पाणी सर्वांचे, ही समजूत पुढे मोडली. ती कशी मोडली हा जातिव्यवस्थेचा इतिहास आहे आणि तो आपल्या आजी-आजोबांनी अंगावर झेलला आहे. गावचा रस्ता, गावचा पाणवठा, गावची धर्मशाळा या जागा 'सार्वजनिक' म्हणवल्या जात, पण अस्पृश्यांना बंद असत. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याची भूमिका घेतली गेली. ठराव कागदावर राहिला. तो २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह महाडच्या रस्त्यांवरून चवदार तळ्यापर्यंत चालत जाऊन जमिनीवर आणला. महाड हे सावित्री खोऱ्यातील जुन्या व्यापारी वाटेवरचे गाव आणि गावाजवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी. ज्या वाटेवर एकेकाळी पाण्याचे टाके हे पुण्याचे दान होते, त्याच वाटेवर पाण्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला.

१९३४ सालचा प्रसंग तर थेट लेणीभेटीशी जोडलेला आहे. बाबासाहेब आणि चळवळीतील सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात तिथल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर धावून आला. पुढे किल्ला पाहताना पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत पहारेकरी देण्यात आला. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. आज आपण पाठीवर पिशवी टाकून कोणत्याही किल्ल्यावर, कोणत्याही टाक्यावर जातो. त्यामागे ही किंमत मोजलेली आहे.

संविधानाचे कलम १५(२) वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत कोणावरही बंधन घालता येणार नाही, असे त्यात आहे. 'रस्ते' हा शब्द तिथे मुद्दाम आला आहे. कलम १९(१)(घ) भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क देते. चालणे हा आपल्यासाठी केवळ व्यायाम किंवा छंद नाही. १९७९ सालचा नागपूरहून औरंगाबादकडे निघालेला नामांतराचा लाँग मार्च आठवा. आपल्या चळवळीने मोठ्या मागण्या पायांनी मांडल्या आहेत.

वाटा बुजत आहेत

आज या वाटांवर दुसरे संकट आहे. घाटमाथ्यावरच्या जमिनी विकल्या जातात, तारेची कुंपणे पडतात. डांबरी रस्ता आला की जुनी पाऊलवाट वापराअभावी झुडपांत जाते. याचा पहिला फटका पर्यटकाला बसत नाही. तो बसतो त्या वाटेने सरपण आणणाऱ्या बाईला, हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी कुटुंबाला, शाळेत जाणाऱ्या ठाकर-कातकरी मुलांना. त्यांच्यासाठी ती वाट 'प्राचीन' नसते, रोजची असते. म्हणून वाट वाचवण्याचे काम म्हणजे केवळ वारसा वाचवणे नाही, ते हक्काचे काम आहे.

कायद्यात काही आधार आहेत. गावाचा नकाशा तलाठी कार्यालयात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात पाहता येतो. त्यावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. वाट नकाशावर असेल तर ती 'कोणाची मेहेरबानी' राहत नाही. शेताकडे जाणारा वापरातला रस्ता कोणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. बांधावरून जाण्याच्या रस्त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. हे दोन्ही मुख्यतः शेतकऱ्यांसाठी आहेत, पण गावकऱ्यांच्या बाजूने उभे राहताना कार्यकर्त्याला ते माहीत हवेत. जंगलातील वाटांबाबत ग्रामसभा आणि वनहक्क कायदा, २००६ महत्त्वाचे ठरतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पाऊलवाटांचे अधिकृत नकाशे करणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले. जी वाट नकाशावर आली तिला संरक्षण मिळाले आणि त्यांतून लांब पल्ल्याचे पायी मार्ग जोडले गेले. आपल्याकडे लेण्यांना संरक्षण आहे, वाटांना नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, असा २०१० च्या दुरुस्तीने आलेला नियम आहे. पण ३०० मीटर संपले की वाट उघडी पडते. 'बंदर ते लेणी' अशा सलग पायी मार्गाची नोंद व्हावी, ही मागणी आपण पुरातत्त्व विभाग, पर्यटन विभाग आणि ग्रामपंचायती यांच्याकडे लावून धरायला हवी.

चालायला निघण्यापूर्वी

आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिल्यांदा दोन-तीन दिवसांचा टप्पा घ्या. वैशाखऱ्याहून सकाळी लवकर चढून नाणेघाट, मुक्काम घाटघर परिसरात. दुसऱ्या दिवशी कुकडीच्या खोऱ्याने पूर-चावंडमार्गे पुढे. तिसऱ्या दिवशी जुन्नर आणि एखाद-दोन लेणीसमूह. सगळी लेणी एका दमात उरकायची घाई करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात घाट निसरडा असतो आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीही फार असते.

गटात मुली-महिला असाव्यात आणि मुक्काम, स्वच्छतागृह, परतीची गाडी यांचे नियोजन त्यांच्याशी बोलून व्हावे. वाटाड्या स्थानिक घ्या, जेवण गावातल्या घरी करा आणि ठरलेले पैसे वेळेवर द्या. जेवण कोणत्या वाडीत घेतो, याकडेही लक्ष असू द्या. आपल्या येण्याने फक्त रस्त्याकडेच्या हॉटेलाचे भले होऊ नये.

लेण्यांत मेणबत्ती, अगरबत्ती लावू नका. काजळीने भिंती काळ्या पडतात आणि धुराने मधमाश्या उठतात. कड्यांवर मोठी पोळी असतात. वंदना मोकळ्या आवाजात, दिव्याविना होते आणि ती तितकीच मनापासूनची असते. शिलालेख वाचताना अक्षरांत खडू भरू नका, पाणी ओतू नका, हात फिरवू नका. तिरप्या उजेडात, सकाळी किंवा संध्याकाळी, अक्षरे आपोआप उठून दिसतात. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. हे नावे कोरणाऱ्यांना सांगा आणि स्वतःही लक्षात ठेवा.

जिथे लेण्यात आज दुसऱ्या कोणाचे दैवत आहे, तिथे भाविकांशी वाद घालायला जाऊ नका. गणपतीच्या किंवा एकवीरेच्या दर्शनाला आलेली बाई आपली शत्रू नाही. तिला शेजारचा दानलेख वाचून दाखवा. "दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या माणसाने हे दिले" हे ऐकून ती थांबते, प्रश्न विचारते, असा आमचा अनुभव आहे. पुराव्याशी मैत्री असलेल्याला आवाज चढवावा लागत नाही.

आणि शेवटचे: नोंद ठेवा. वाट कुठे सुरू होते, कुठे तुटते, पाणी कुठे आहे, कोणत्या वाडीतले लोक ती वापरतात, ते तिला काय म्हणतात, कुठे कुंपण पडले. एका गटाने एका वाटेची एवढी वही केली, तरी पाच वर्षांनी ती ग्रामसभेत, तहसील कार्यालयात आणि पुढच्या पिढीच्या हातात उपयोगी पडेल. सुलसदताने चैत्य दिला, इरिलाने दोन टाकी दिली. आपल्या ऐपतीत बसणारे देयधम आज एवढेच आहे: वाट चालती ठेवणे.

जय भीम. नमो बुद्धाय.